वीटभट्टीवरची हजेरी

एकदा एक विद्यार्थी आपल्या गुरूंसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आचार्य, उद्यापासून मी भट्टीवर जाणार नाही."

आचार्य अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बस," एवढंच म्हणाले आणि शेंगांचं सूप त्याच्याकडे सरकवलं.

विद्यार्थी बसला, पण त्याचा हात शेंगांना लागला नाही. त्याचं नाव श्रीरंग. वय बावीस. बुद्धी तल्लख, वाणी शुद्ध, आणि हाती घेतलेलं काम तडीस नेणारा म्हणून त्याचा लौकिक. अशाने काम सोडतो म्हणावं, म्हणजे काहीतरी चांगलंच बिनसलं होतं.

हे आचार्य म्हणजे एका नदीकाठच्या गावातले निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या विद्यालयात शिकवलं होतं. आता त्यांच्या घरी पाच-सहा तरुण राहत आणि अध्यापनाची विद्या शिकत. त्यांच्याकडून आचार्य दुसरं काही घेत नसत. अट एकच असे. प्रत्येकाने गावातलं एखादं काम निवडायचं आणि ते हंगामभर करायचं. कुणी दृष्टी गेलेल्या वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, कुणी दवाखान्यात खेड्यांवरून आलेल्या माणसांना कागद भरून देई. श्रीरंगाने सगळ्यांत अवघड काम मागून घेतलं होतं. नदीपलीकडे एक वीटभट्टी होती. तिथल्या मुलांना तो शिकवणार होता.

दिवाळी सरली की कोरडवाहू मुलखातली कुटुंबं त्या भट्टीवर येत. कच्च्या विटांचे आडोसे रचून, वर पाचट टाकून खोपी उभारत. मोठी माणसं पहाटेपासून चिखल तुडवत, विटा थापत. पोरं धाकट्या भावंडांना काखेत घेऊन पाणी आणत, सरपण आणत, उन्हात मांडलेल्या विटा पालटत. वैशाख संपता संपता सगळे परत जात. त्यामुळे इथली शाळा त्यांची नसे, आणि तिथल्या शाळेने त्यांची आशा सोडलेली असे.

श्रीरंग पहिल्या दिवशी गेला तेव्हा चाळीस मुलं जमली होती. त्याने राजगिऱ्याचे लाडू नेले होते, नव्या पाट्या नेल्या होत्या, हातवारे करून म्हणायची गाणी नेली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने आपल्या वहीत 'चाळीस' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या आठवड्यात एकतीस झाले. मग सव्वीस. मग एकोणीस.

"मी काय कमी केलं, सांगा," श्रीरंग म्हणाला. "रोज चारच्या ठोक्याला पोचतो. उन्हातान्हाचं बघत नाही. पाट्या दिल्या, पेन्सिली दिल्या. पेन्सिली यांनी चावून खाल्ल्या, आचार्य! अक्षरशः खाल्ल्या. शेवटी परवा मी सांगितलं, ज्याची पेन्सिल हरवली असेल त्याने वर्गात यायचं नाही. वस्तूची किंमत कळायला नको का? काल चार मुलं आली. आज एकही नाही. मी एकटाच तासभर बसून आलो. मजूर माझ्याकडे बघून हसत होते."

आचार्यांनी हातातली शेंग सोलली. दाणे वाडग्यात टाकले.

"भट्टीवर मुलं किती आहेत?"

"पहिल्या दिवशी चाळीस होती."

"ती आली किती ते झालं. आहेत किती?"

 हे श्रीरंगाला माहीत नव्हतं.

"बरं, त्यांची नावं काय?"

"एक गेनू आहे. एक तो बारक्या, फार दंगा करतो. आणि एक मोठ्या डोळ्यांची मुलगी आहे, पुढे बसायची. हुशार आहे. तीन दिवसांत बाराखडी..."

"तिचं नाव?"

श्रीरंगाची नजर खाली गेली. "विचारायचं राहून गेलं."

त्याला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आचार्य रागावले नाहीत. त्यांनी हात झटकले, आत गेले आणि कपाटातून एक लांबट वही घेऊन आले. विद्यालयातली जुनी, कोरी राहिलेली हजेरीची वही होती ती.

"सोडायचं असेल तर सोड," ते म्हणाले. "पण मुलांचा निरोप घेऊन सोड. न सांगता निघून जाणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असतील. आणि निरोप घ्यायचा तर ज्याचा त्याचा नावाने घ्यावा लागेल. उद्या मीही येतो."

दुसऱ्या दिवशी दोघे पूल ओलांडून भट्टीवर गेले. आचार्य खोपी-खोपीपुढे थांबत, वाकून आत बघत, आणि विचारत, "घरात मुलं किती? नावं काय ठेवलीत?"

बायका बिचकल्या. एकीने चुलीपुढूनच विचारलं, "नाव कशापायी लिवून घेता? सरकारी काम हाय का?"

"नाही बाई."

"मग?"

"हाक मारायला."

 त्या बाईने आपल्या तिन्ही पोरांची नावं सांगितली, आणि शेजारच्या खोपीतली माणसं कामावर होती म्हणून त्यांच्या दोन पोरांचीही सांगितली.

बारक्या वाटेतच भेटला. आचार्यांनी त्याला नाव विचारलं.

"बारक्या."

"ते हाक मारायचं झालं. ठेवलेलं नाव?"

पोरगं विचारात पडलं. हे कोडं त्याला कुणी घातलंच नव्हतं. "आयला इचारून येतो," म्हणून ते धूम पळालं, विटांच्या रांगांमधून उड्या मारत पार त्या टोकाला गेलं आणि धापा टाकत परत आलं. छाती पुढे काढून म्हणालं, "इठोजी! इठोजी सटवाजी माने!"

आचार्यांनी ते नाव सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं आणि वही त्याच्यापुढे धरली. ती अक्षरांची ओळ म्हणजे आपण, हे पाहून बारक्याने तोंडावर हात ठेवला.

शेवटच्या खोपीपाशी गेनू बसला होता. सहा-सात वर्षांचं पोर. एरवी बडबड्या, पण आज दाराशी आडवा बसला होता, कुणाला आत जाऊ द्यायचं नाही अशा बेताने.

"तुझं नाव तर ठाऊक आहे," आचार्य म्हणाले. "घरात आणखी कोण?"

"बहीण हाय. सारजा."

श्रीरंग म्हणाला, "मोठ्या डोळ्यांची ती? पुढे बसायची?"

गेनूने मान हलवली.

"कुठे आहे ती?"

"पान्याला गेलीया," गेनू म्हणाला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

नावं भरली त्रेचाळीस. श्रीरंगाला वाटलं, आता उद्या निरोप घ्यायचा आणि हा अध्याय संपवायचा.

तिसऱ्या दिवशी चार वाजता आचार्य भट्टीच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. तिथे चिटपाखरू नव्हतं. आभाळ भरून येतं की काय या धास्तीने मालकांनी कामाची घाई लावली होती. लहानथोर सगळे लांबवर मांडलेल्या कच्च्या विटा पालटत होते. आचार्यांनी वही उघडली, घसा साफ केला आणि चाळीस वर्षं वर्गावर घुमलेल्या त्या आवाजात पहिलं नाव घेतलं.

"आवडी दगडू पवार!"

कुणी आलं नाही. ते क्षणभर थांबले. मग दुसरं नाव. थांबले. मग तिसरं.

श्रीरंगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आचार्य, इथे कुणी नाही."

"दिसतंय मला," आचार्य म्हणाले आणि चौथं नाव घेतलं.

भट्टीचे मालक विटांची रास मोजत होते. ते हसत हसत जवळ आले. "काय आचार्य, पाऊस पडू नये म्हणून मंत्र म्हणताय की काय?"

"हजेरी घेतोय."

"पण वर्ग कुठाय?"

"वर्ग मागाहून येईल. विठोजी सटवाजी माने!"

आणि दूर विटांच्या रांगेमागून बारीक, चिरका आवाज आला, "हाजर!"

मजुरांमध्ये हशा पिकला. विटा पालटणाऱ्या हातांनी क्षणभर उसंत घेतली. आचार्यांनी वहीत विठोजीच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. त्रेचाळीस नावं संपली. त्या दिवशी सहा उत्तरं आली, सगळी लांबून, काम करता करता. आचार्यांनी वही मिटली, थोडा वेळ तिथेच बसले आणि काही न शिकवता परत निघाले.

पुलावर श्रीरंगाला राहवलं नाही. "आचार्य, क्षमा करा, पण मला यातलं काही कळत नाही. मुलं वर्गात नाहीत, त्यांना तुम्ही हजर मांडता. जी नाहीत त्यांना रिकाम्या मैदानात हाका मारता. मग शिकवतही नाही. याने काय साधलं?"

"उद्या पुन्हा येऊ," आचार्य म्हणाले.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आता एकवीस उत्तरं आली. बायकासुद्धा ऐकू लागल्या होत्या. आपल्या पोराचं नाव आलं आणि ते गप्प राहिलं की आईच ओरडे, "अरं, बोल की मुडद्या, तुझं नाव घेत्यात!" आपल्या लेकराचं अख्खं नाव, बापाच्या नावासकट, कुणी असं खड्या आवाजात घेतलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

"सारजा नामदेव कांबळे!"

उत्तर नाही. आचार्यांनी वहीकडे पाहिलं. कालही नव्हतं.

पाचव्या दिवशी अडतीस उत्तरं आली. दहा-बारा मुलं तर मातीचे हात पुसत मैदानात येऊन बसली. श्रीरंग आता हजेरी मुकाट्याने नव्हे, कान देऊन ऐकत होता. जी पाच उत्तरं आली नाहीत, त्यांतल्या चौघांचं कारण इतर मुलांनीच सांगितलं. दोघं मामाच्या गावाला गेली होती, एक सरपणाला, एकाला आईने कोंडून ठेवलं होतं कारण त्याने गूळ पळवला होता.

"सारजा नामदेव कांबळे!"

 आचार्यांनी चष्मा काढला. आवाज न चढवता त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं. "सारजा."

आणि पुढच्या रांगेत बसलेल्या गेनूच्या तोंडातून हुंदका फुटला.

"ती उठंना," तो म्हणाला. "सांगू नको म्हनाली. शपथ घातलीया. पन ती आता बोलतबी न्हाई."

श्रीरंग पळाला. आचार्यांच्या आधी, मुलांच्या आधी तो त्या शेवटच्या खोपीपाशी पोचला आणि वाकून आत शिरला. मोठ्या डोळ्यांची ती मुलगी गोधडीवर निपचित पडली होती. अंग भट्टीसारखं तापलेलं. डाव्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती. श्रीरंगाने चिंधी सोडली. तळवा भाजलेला होता, चिघळलेला होता, आणि सूज घोट्याच्या वर चढली होती.

तिची आई चिखलाच्या हातांनी धावत आली. "काटा मोडलाय म्हनली वो! हळद लावली मी. सकाळी ताप हुता, वाटलं उतरंल..." 

मालक मागोमाग आले. त्यांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "कुणाची पोर?" असं त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट न बघता ते स्वतःच जीप काढायला गेले.

गावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जखम धुतली, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. आणखी एक दिवस गेला असता तर पाय राखणं कठीण होतं. कदाचित मूलही."

श्रीरंग सारजाच्या उशाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ताप उतरला. तिने डोळे उघडले, आईला पाहिलं, मग श्रीरंगाला पाहिलं. त्याला पाहताच तिने अंग चोरलं.

"गुरुजी," ती पुटपुटली, "पेन्सिल हरवली."

"काय?"

"माझी पेन्सिल. लई शोधली. तुमी म्हनला हुता, हरवली तर यायचं न्हाई. म्हनून कोळसा आनाया गेले भट्टीमागं. कोळशानं विटंवर लिवता येतं. राख वरून गार दिसत हुती."

 श्रीरंगाने तिच्या कपाळावर हात ठेवला, तिने तो ठेवू दिला. ती पुन्हा झोपेपर्यंत तो तसाच बसला. मग उठून बाहेर आला. दवाखान्याच्या पायरीवर आचार्य बसले होते. श्रीरंग त्यांच्या शेजारी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. आचार्यांनी त्याला रडू दिलं.

पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "माझ्या एका शब्दाने झालं हे. आणि ती येत नाही हेसुद्धा मला कळलं नाही. मी फक्त लिहिलं, 'आज चार.'"

"शब्द तुझाच होता," आचार्य म्हणाले. "ते मी नाकारणार नाही, तूही नाकारू नकोस. पण आता नीट ऐक. तू विचारत होतास ना, रिकाम्या मैदानात हाका मारून काय साधलं?

"चाळीसांचे एकोणीस झाले तेव्हा तुला अपमान वाटला. आकडा उतरला की आपल्याला आपलंच काही उणं झाल्यासारखं वाटतं, आणि माणूस रुसून बसतो. पण आकड्याला ताप येत नाही, श्रीरंग. ताप सारजाला येतो. एकवीस मुलं आली नाहीत म्हटलं की ती कुणीच नसतात. सारजा आली नाही म्हटलं की पाय आपोआप तिच्या दाराकडे वळतात. काल तुझे वळले, मला सांगावं लागलं नाही.

"मी चाळीस वर्षं हजेरी घेतली. पहिली काही वर्षं मलाही वाटायचं, हजेरी घ्यायची ती आलेल्यांसाठी. आलेली मुलं तर समोर दिसत असतात, त्यांना वही कशाला हवी? हजेरी असते ती न आलेल्यांसाठी. ज्या नावाला उत्तर येत नाही, तिथे शिक्षकाचं काम सुरू होतं. ज्यांना घर, गाव, शाळा यांतलं काही टिकून मिळालेलं नाही, अशा मुलांना आपण नाही आलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल, एवढी खात्री आधी द्यावी लागते. बाराखडी त्या खात्रीवर उभी राहते."

श्रीरंगाने डोळे पुसले. "आता मी काय करू?"

आचार्यांनी वही त्याच्या मांडीवर ठेवली. "चार वाजायला आले. बेचाळीस जण वाट बघत असतील."

त्या दिवशी श्रीरंग भट्टीवर एकटा गेला. जाताना बाजारातून पेन्सिलींचा एक मोठा पुडा घेतला आणि मैदानात दगडावर उघडा ठेवून दिला. "ज्याला लागेल त्याने घ्यावी," एवढंच सांगितलं. "हरवली तर दुसरी घ्यावी. खाल्ली तर पोट दुखेल, ते ज्याचं त्याने बघावं." मुलं खदखदून हसली. मग त्याने पहिल्यांदा स्वतः वही उघडली. आवाज आचार्यांसारखा घुमला नाही. सारजाचं नाव आलं तेव्हा तो थांबला, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "दवाखान्यात!"

त्याने तसं लिहून घेतलं.

मालकांशी मात्र आचार्य स्वतः बोलले. फार बोलले नाहीत. "मुलांनी विटांना हात लावायचा नाही," असं म्हणाले. मालकांनी घाईचं, पावसाचं, मजुरांच्या तुटवड्याचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. मग दवाखान्यातला तो पाय त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा. "नाही लावणार," ते म्हणाले. पुढे कधी कामाची घाई झाली तर बाहेरून मोठी माणसं आणली गेली. भट्टीमागच्या राखेभोवती विटांचं कुंपणही घातलं गेलं. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन आया मुलांना पाठवायला कुरकुरत राहिल्या, एक कुटुंब मध्येच निघून गेलं. ते निघाल्याचं श्रीरंगाला त्याच दिवशी कळलं, आणि तो फाट्यापर्यंत धावत जाऊन त्यांच्या तिन्ही मुलांना त्यांच्या पुढच्या गावच्या शिक्षकांसाठी चिठ्ठी देऊन आला. चिठ्ठीत मुलांना काय येतं ते लिहिलं होतं, आणि सर्वांत वर त्यांची पूर्ण नावं.

तीन आठवड्यांनी सारजा परत आली. अजून पाय टेकत नव्हता, म्हणून आईने तिला काखेत घेऊन मैदानात आणून बसवलं. आणि मग ती बाई गेलीच नाही. मागे एका कोपऱ्यात उभी राहिली. हजेरी झाली, धडा झाला, मुलं पांगली, तरी ती तिथेच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा की."

"त्या वहीत माझंबी नाव लिवता का? मला काय लिवाया-वाचाया याचं न्हाई. पर पोरीचं नाव घेता ना तुमी, तवा बरं वाटतं ऐकाया."

श्रीरंगाने वही उघडली, पेन टेकवलं आणि नेहमीच्या सवयीने 'सारजाची आई' असं लिहायला घेतलं. पहिलं अक्षर काढून त्याचा हात थांबला. गेले तीन आठवडे तो या बाईबरोबर दवाखान्यात बसला होता. तिने दिलेला चहा प्याला होता. सगळे तिला सारजाची आई म्हणत, तोही म्हणत होता.

त्याने ते अक्षर खोडलं. पेन बाजूला ठेवलं, उठून उभा राहिला आणि विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?"

ती लाजली. इकडेतिकडे पाहिलं. उत्तर द्यायला तिला जरा वेळच लागला, जसं एखादं लुगडं ट्रंकेच्या तळातून काढावं लागतं.

"धुरपता," ती म्हणाली.

श्रीरंगाने चव्वेचाळिसावं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याने ते घेतलं, सगळ्यांच्या शेवटी, तितक्याच खड्या आवाजात. थापणाऱ्यांच्या रांगेत कोपरापर्यंत चिखल माखलेली एक बाई साचा खाली ठेवून ताठ उभी राहिली. सारजा मान वळवून आईकडे बघत होती.

"हजर," धुरपता म्हणाली.

श्रीरंगाने खूण केली. त्या हंगामात तो मुलांना बेरीज-वजाबाकीपर्यंत नेऊ शकला, पुढच्या हंगामात आणखी पुढे. पण कुणी त्याला विचारलं की भट्टीवर तुम्ही काय करता, तर तो एवढंच सांगे की मी रोज चार वाजता जातो आणि कोण आलं नाही ते बघतो.

आपल्याही गावाच्या कडेला अशी एखादी वस्ती असेल. तिथे जाताना खाऊ न्या, पाट्या न्या, पण त्याआधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन सगळ्यांची नावं विचारून या.